लिब्रे ऑफिस: टायपिंगच्या दुकानाला चालेल, पण वर्ड फाईलची हमी नाही

नाशिकला सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि जिल्हा न्यायालयाच्या आसपासच्या टायपिंगवाल्यांना ऑफिस पॅकेजकडून एकच गोष्ट हवी असते: इथे तयार झालेलं प्रतिज्ञापत्र वकिलाच्या लॅपटॉपवर उघडलं, तर सही चौथ्या पानावरून पाचव्यावर जाऊ नये. मोफत मिळणारं लिब्रे ऑफिस इथेच दगा देतं. मात्र दोष एकट्या त्याचा नाही.

कागदोपत्री सगळ्यांचं एकमत झालेलं आहे. लिब्रे ऑफिस ज्यात फाईल सेव्ह करतं ते ओडीएफ २००६ साली आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक झालं. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ओओएक्सएमएलही (वर्डच्या डॉक्सएक्स फाईलींचा साचा) झालं; भारताने त्याच्या विरोधात मत दिलं होतं. एकाच कामाला दोन 'सामायिक' मानकं! त्यात ओओएक्सएमएलचे दोन प्रकार, स्ट्रिक्ट आणि ट्रान्झिशनल. वर्ड नेहमीच्या सेव्हला जुन्या सवयी सांभाळणारा ट्रान्झिशनलच वापरतं. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००७ ला ओडीएफ उघडता येऊ लागलं, तेव्हा दुसऱ्या पॅकेजमधल्या शीटचे आकडे यायचे आणि सूत्रं गळायची. कारण सूत्रं कशी लिहायची हे तेव्हाच्या ओडीएफमध्ये ठरलेलंच नव्हतं. ही पळवाट २०११ च्या १.२ आवृत्तीने बुजवली. द्राक्षबागेचा हिशेब आज दोन्हीकडे नीट उघडतो, पण मॅक्रो (फाईलमधले छोटे प्रोग्राम) असतील तर तपासल्याशिवाय देऊ नका.

पान हलण्याचं मुख्य कारण फाँट. विंडोज १० पासून मंगल हा देवनागरी फाँट आपोआप येत नाही, ऑप्शनल फीचरमधून टाकावा लागतो. तो नसला की दुसरा फाँट बसतो, ओळींची उंची बदलते आणि मजकूर खाली सरकतो. यावर दोन उपाय. लिब्रे ऑफिसमध्ये फाईल, प्रॉपर्टीज, फाँट इथे 'एम्बेड फाँट्स'वर टिक करा. फाईल जड होते, होऊ द्या. आणि देवनागरीचा फाँट स्टाईलमधल्या 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'च्या रकान्यात निवडा. वरच्या लॅटिनच्या रकान्यात कितीही बदल केला तरी मराठी मजकूर जागचा हलत नाही, आणि बरेच जण सॉफ्टवेअरला शिव्या देतात ते इथेच. ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषाही मराठी करून घ्या.

लोकेल (देश-भाषेची सेटिंग) अमेरिकन इंग्रजी राहिलं तर नवं पान ए-४ ऐवजी लेटर मापाचं उघडतं. लीगल कागद लागत असेल तर ८.५ × १४ इंचाचा टेम्प्लेट एकदाच करून ठेवावा. कृतिदेव, शिवाजी वगैरे जुन्या फाँटमधल्या फाईली आधी युनिकोडमध्ये (अक्षरांच्या सर्वमान्य सांकेतिक क्रमांकांमध्ये) बदला, मगच इकडे आणा. युनिकोडवर मात्र मायक्रोसॉफ्टसह स्पर्धक कंपन्या खरोखर एकत्र आल्या; अक्षरं विकून कोणाला गिऱ्हाईक बांधून ठेवता येत नव्हतं, म्हणून असेल.

दुकानात मूळ फाईल ओडीटीमध्येच (ओडीएफमधला मजकुराच्या फाईलीचा प्रकार) ठेवा. वर्डमध्ये सेव्ह, मग परत इकडे, असं दोनतीनदा झालं की तक्ते आणि कलमांचे क्रमांक बिघडू लागतात. बाहेर द्यायला पीडीएफच बरी. ती काढताना 'हायब्रिड'वर टिक केली तर आत ओडीएफही राहतं आणि तीच फाईल लिब्रे ऑफिसच्या रायटरमध्ये पुन्हा दुरुस्त करता येते. आपल्या वकिलाला ही द्या. समोरच्या पक्षाला पाठवताना ती टिक काढायला विसरू नका, नाहीतर कच्चा मसुदाही त्यांच्या हाती जाईल.