मूड बघून कादंबरी: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या गणपतीनंतर मी 'वाचायलाच हव्यात अशा मराठी कादंबऱ्या' छापाच्या याद्या धरून पुस्तकं आणणं बंद केलं. त्या याद्यांशी माझं भांडण नाही. 'मृत्युंजय', 'ययाती', 'स्वामी', 'कोसला' ही नावं त्यात पहिल्या पाचांत असतात आणि असायलाच हवीत. पण यादी पुस्तकाची थोरवी सांगते. मंगळवारी रात्री ओटा आवरून, उद्याच्या डब्याची गवार मोडून झाल्यावर ते पुस्तक हातात धरवेल का, हे काही ती सांगत नाही. म्हणून आधी आपली अवस्था बघायची आणि मग कपाटाकडे जायचं, असं सुरू केलं. डोंबिवली-दादर रोजचा प्रवास, घरात सासूबाई आणि अकरावीला आलेला भाचा, वाचनालयाचं दोन पुस्तकांचं कार्ड, एवढ्या भांडवलावर हे चाललंय.

मूड म्हटलं की लोक आनंदी की उदास एवढंच विचारतात. मला त्याने फारसा फरक पडलेला नाही. फरक पडतो तो डोक्यात जागा किती शिल्लक आहे याने. सलग किती वेळ मिळणार, नवी नावं लक्षात ठेवायची ताकद उरलीय का, मध्येच पुस्तक मिटलं तर चार दिवसांनी धागा सापडेल का, हे आधी बघायचं. पाठीमागच्या मजकुरात 'ऐतिहासिक', 'ग्रामीण', 'सामाजिक' असं काहीही छापलेलं असो, या प्रश्नांची उत्तरं त्यात नसतात.

लोकलपासून सुरुवात करते. ठाण्यापर्यंत उभं राहायचं, मग नशीब असेल तर चौथी सीट. एका हाताने कडी, दुसऱ्या हातात पुस्तक. इथे जाडजूड काही चालत नाही, आणि नुसतं बारीक असूनही भागत नाही, प्रकरणं आपापल्या पायावर उभी राहणारी लागतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) या कसोटीला सगळ्यात चांगली उतरली. धनगरांच्या वस्तीवर आलेला पोरसवदा मास्तर, त्याची शाळा, गावाने मिळून बांधलेली तालीम, आणि मग दुष्काळ. एकेक माणूस येतो, दोन-चार पानांत पुरता दिसतो आणि बाजूला होतो. मुलुंडला मिटलेलं पुस्तक संध्याकाळी घाटकोपरला उघडलं तरी काही तुटत नाही. 'ग्रामीण' हा शिक्का बघून ज्यांनी ही बाजूला ठेवली असेल त्यांनी निदान पहिली दहा पानं वाचावीत. वाक्यं इतकी आखूड आणि स्वच्छ आहेत की गर्दीतही डोळा घसरत नाही.

पु. शि. रेग्यांची 'सावित्री' (१९६२) आकाराने याहून लहान, सगळी पत्रांतून सांगितलेली. पत्रं फक्त सावित्रीची. ज्याला लिहिली आहेत त्याचं उत्तर आपल्याला दिसतच नाही. एका स्टेशनात एक पत्र असं गणित जमतं, पण मी ते सोडलं. एक पत्र संपलं की खिडकीबाहेर बघत बसावंसं वाटतं आणि लेडीज डब्यात खिडकी कुणाला मिळते? ही सकाळची, घरात कुणी उठायच्या आधीची कादंबरी आहे.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' मात्र गाडीत वाचायला घेतली आणि दादरला उतरायचं राहता राहता राहिलं. युरोपातून येणारी बोट, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले ज्यू, प्रेमावरचा विश्वास उडालेला मराठी नायक चक्रधर आणि हॅर्टा. प्रवास संपला की हे माणसांचं जगही संपणार, हे पहिल्यापासून माहीत असतं. कादंबरी आली १९३९ साली, म्हणजे महायुद्ध पेटलं त्याच वर्षी. त्यात कुठेही मागे वळून पाहणाऱ्याचा शहाणपणा नाही, पुढे काय वाढून ठेवलंय ते लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं. बेडेकरांनी कादंबरी ही एवढी एकच लिहिली. ज्यांना 'प्रेमकथा द्या, पण गोडगोड नको' असं म्हणायचं असतं त्यांना मी डोळे झाकून हीच देते. संपवल्यावर लगेच दुसरं काही हातात घेऊ नका, जमणार नाही.

दवाखान्याचा अनुभव वेगळा. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यात बाहेरच्या लोखंडी बाकड्यावर बरेच तास गेले. नाव कधी पुकारतील याचा नेम नाही, अर्धा कान दाराकडे. तिथे विचार करायला लावणारं पुस्तक नेऊ नये. माझ्या शेजारच्या बाईंनी 'स्वामी' आणली होती. रणजित देसाईंची कादंबरी सुरेखच आहे, पण माधवराव क्षयाने झिजत जातात आणि थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी संपतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असताना ती दवाखान्यात कशाला? तसंच 'पाडस'. राम पटवर्धनांचा अनुवाद इतका मुरलेला आहे की फ्लॉरिडाचं जंगल आपल्या परसात आल्यासारखं वाटतं, पण शेवट मन घट्ट करून वाचावा लागतो. अशा ठिकाणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा सुहास शिरवळकरांची एखादी रहस्यकथा बरी. ही पुस्तकं आपल्याकडून काही मागत नाहीत, त्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा त्या बाकड्यावर बसून बघावं.

ऑपरेशननंतर सासूबाईंना काही आठवडे वाचायला मनाई. त्यांचं माहेर खेडकडचं, म्हणून श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) काढली आणि रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायला घेतली. दोन जाड खंड, चार पिढ्या, जगबुडी नदीकाठचं एक खोताचं घराणं. ही कादंबरी एकट्याने वाचणारे बरेच जण पहिल्या खंडाच्या मध्यावर थकतात, कारण नात्यांचा गुंता. मोठ्याने वाचताना तो आपोआप सुटतो. दर पाच मिनिटांनी "थांब गं, हा कुणाचा म्हणालीस?" असा प्रश्न यायचा. शेवटी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर वंशावळ काढायला घेतली आणि मग त्याच सांगायला लागल्या, कोणाखाली कुणाला लिहायचं ते. खोतीचा माज, कुळांची अवस्था, घरातल्या बायकांचं गप्प बसणं, या सगळ्यावर त्यांची स्वतःची टिप्पणी चालू. एका खोतावर इतक्या चिडल्या की "ह्याचं पुढे काय होतं ते आधी सांग, नाहीतर मला झोप लागायची नाही" म्हणाल्या. मी सांगितलं नाही. पुस्तकाला याहून चांगला अभिप्राय मला देता येणार नाही.

जाता जाता: 'तुंबाड' नावाचा सिनेमा बघून कुणी ही कादंबरी भुताखेतांसाठी मागत असेल तर तसं काही नाही. सिनेमाने नाव घेतलंय, गोष्ट वेगळी. भीतीच हवी असेल तर नारायण धारप. पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, चार जणांत बसून. धारपांचं वैशिष्ट्य असं की त्यांची भाषा अगदी पांढरपेशी, नीटनेटकी. नोकरी, भाड्याचं घर, शेजारी सगळं आपल्यासारखं, आणि मग त्या नीटनेटकेपणात काहीतरी वाकडं शिरतं. घाबरून झालं की माणूस पिठलं-भात जेवून झोपतो. चि. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' (१९६६) तशी सोडत नाही. तिथली भीती माणसाच्या आतली आणि श्रद्धेतली आहे, ती दिवा आल्यावरही खोलीत राहते. दोन्ही पुस्तकं 'गूढ' या एकाच कप्प्यात लावलेली असतात, म्हणून हे सांगितलं. मन हलकं करायला घाबरायचं असेल तर 'कोंडुरा' नको.

आता भाचा. "मी मराठी नाही वाचत गं मामी, बोअर होतं." मी वाद घातला नाही, मिलिंद बोकिलांची 'शाळा' टेबलावर ठेवून दिली. नववीतली पोरं, आणीबाणीचा काळ, वर्गातली शिरोडकर, अर्ध्या बांधलेल्या इमारतीतली टवाळकी. त्याने ती दोन रात्रींत संपवली आणि मुख्य तक्रार अशी की शेवट असा का. ते लक्षण चांगलं. पुढे 'कोसला' मागितली ती त्यानेच, कारण कॉलेजात कुणीतरी नाव घेतलं होतं. नेमाड्यांनी ती पंचविशीत लिहिली, १९६३ मध्ये आली, आणि आजही ती सोळा ते बावीस या वयात जितकी चावते तितकी पुढे चावत नाही असं माझं मत झालंय. चाळिशीत वाचायला घेतलं की नायक पांडुरंगाच्या वडिलांचीच बाजू पटायला लागते! फक्त त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग कुठल्याही वयात सारखाच लागतो. भाचा त्यानंतर बरेच दिवस दर वाक्यात 'उदाहरणार्थ' म्हणत हिंडत होता. घरातल्यांना हा दुष्परिणाम सोसावा लागेल.

ऑफिसात राजकारण शिगेला पोचलं की मी अरुण साधूंकडे जाते. 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७). जब्बार पटेलांचा १९७९चा 'सिंहासन' सिनेमा या दोन्हींवर उभा आहे, तो बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो, पण पुस्तकं वाचलेली नसतात. मुख्यमंत्र्यांची खुर्ची, कामगार पुढारी, हे सगळं बघणारा पत्रकार, आणि मागे सतत घरघरणारं मुंबई शहर. कुठल्याही थरारकादंबरीपेक्षा वेगवान आहेत. शिवाय आपल्या साहेबांची खेळी त्यापुढे फारच किरकोळ वाटायला लागते.

आणि खरोखर उदास असताना? विनोदी पुस्तकं तेव्हा मला चिडचिडं करतात. तसंही मराठीत विनोद मुख्यतः कथेत आणि लेखांत रमला, विनोदी कादंबरी शोधायला गेलं तर हाती फार लागत नाही. उलट उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) अशा दिवसांत टिकली. वऱ्हाडातली कौतिक, नवऱ्याचा आजार, गरिबी, एकामागून एक घाव. सांगताना वाटतं हे कोण वाचेल, पण त्यात दया मागणं अजिबात नाही. कौतिक रडत बसत नाही, कामाला लागते. वऱ्हाडी संवादांना पहिली वीस-पंचवीस पानं जड जातात, तेवढी ओठ हलवत वाचली की कान तयार होतो. आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'लाही हीच युक्ती. तिथे तर निवेदनच बोलीत आहे, कोल्हापूरकडचं.

घराचा, नात्यांचा, 'आज जेवायला काय' या प्रश्नाचा वीट आला की गौरी देशपांडे. लघुकादंबऱ्या आहेत, एका रविवारी दुपारी संपतात. त्यांच्या नायिका सुखवस्तू, इंग्रजाळलेल्या आहेत, परदेशांत राहतात, हे आक्षेप खरे आहेत आणि तरीही 'तेरुओ' वाचून झाल्यावर मी संध्याकाळचा स्वयंपाक उशिरा केला आणि कुणाला कारण सांगितलं नाही.

विज्ञानकादंबरी हा प्रकार माझ्या वाट्याला कमी आला. जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' मात्र आत्ताच्या दिवसांत वाचाच. माणसापेक्षा हुशार होत जाणारं यंत्र आणि ते बनवणाऱ्यांचं काय होतं, हा प्रश्न त्यांनी दशकांपूर्वी घेतला. पात्रं थोडी सपाट आहेत, कल्पना मात्र भक्कम. भाच्याने आणि मी एकाच आठवड्यात आळीपाळीने वाचली आणि जेवताना भांडलो.

न जमलेल्या गोष्टीही आहेत. ई-पुस्तकं घेऊन पाहिली. एका ॲपवर जोडाक्षरं फुटायची, 'दुसऱ्या' दिसायचं भलतंच, आणि प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारायची सोय नाही. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. ऐकायची पुस्तकं बोलीभाषेसाठी उत्तम, वाचणारा त्या मुलखाचा असेल तर. शहरी गळ्याने 'बापा' म्हटलेलं ऐकवत नाही. वाचनालयाच्या प्रतींची शिलाई इतकी आवळून केलेली असते की आतल्या बाजूची अक्षरं खाचेत जातात आणि पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागतं. लोकलमध्ये ते अशक्य, तेव्हा गाडीसाठीची दोन-तीन पुस्तकं विकतच घेतलेली बरी. सुदैवाने त्या कामाची सगळी बारीक आहेत आणि फार महाग नाहीत.

रहस्यकथा वाचनालयातून नेणार असाल तर शेवटचं पान जागेवर आहे ना, हे काउंटरवरच उलटून बघा. आणि पहिल्या पानावर कुणी पेन्सिलीने 'खुनी = डॉक्टर' असं लिहून ठेवलंय का, तेही.