शातो लातूर: थोरली घ्यावी की धाकटी?

फ्रान्सच्या बोर्दोतल्या पोइयाक गावच्या शातो लातूर या वाइन-इस्टेटची थोरली, म्हणजे मुख्य वाइन घ्यावी की धाकटी, म्हणजे दुय्यम ‘ले फोर द लातूर’? धाकटी कितीतरी स्वस्त, पण खरा प्रश्न सवडीचा आहे. थोरलीत काबेर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाचा वरचष्मा. चांगल्या वर्षाची बाटली 15-20 वर्षांआधी उघडली तर टॅनिनने (द्राक्षाच्या सालीतल्या तुरट घटकाने) हिरड्या आवळतात, पैसे वाया जातात. धाकटीत मर्लो हे मऊ द्राक्ष थोरलीपेक्षा जास्त; ती 8-10 वर्षांत खुलते.

साठवण सारखीच: 12-14 अंश, अंधार, बाटली आडवी.

जुनी थोरली आदल्या दिवशी उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. बाटलीच्या मानेखाली उजेड धरून, न थांबता, हळू ओता. गाळ खांद्यापाशी आला की हात आवरा. धाकटीला डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून ती ओतायच्या काचपात्रात) दोन तास पुरतात. दोन्ही 17 अंशांना द्या. 28 अंशांना नुसता अल्कोहोल नाकात जातो.

थंड तळघर असेल तरच थोरली. याच दिवाळीत उघडायची तर पिकलेली धाकटी.