जिनी म्हणजे 'म्हणे': नवाहो प्राणिकथांच्या चार पुस्तिका

अॅरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यात, नवाहो या अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजाच्या राष्ट्राची राजधानी असलेल्या विंडो रॉककडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा दुकानातून गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही मुलांसाठीच्या चार पुस्तिकांचा संच विकत घेतला. प्रत्येक पुस्तिकेत एक पारंपरिक प्राणिकथा आहे. पानाच्या वरच्या भागात ठळक अक्षरांत नवाहो मजकूर, खाली बारीक अक्षरांत इंग्रजी, आणि मागच्या पुठ्ठ्यावर क्यूआर कोड, जो फोनने टिपला की तीच कथा एका वयस्क बाईंच्या आवाजात ऐकता येते. मी फीनिक्समध्ये रविवारच्या मराठी शाळेत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिकवते. घरीदारी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या हाती दुसऱ्या भाषेचे पुस्तक दिले की ती आधी चित्रे पाहतात, मग इंग्रजी वाचतात आणि पुस्तक मिटून टाकतात, हे मी अनेक वर्षे पाहत आले आहे, आणि याच नजरेने मी हा संच तपासला. मला नवाहो येत नाही. शब्दकोश आणि व्याकरण शेजारी ठेवून मूळ मजकुराशी जमेल तेवढी झटापट केली, हे आधीच सांगितलेले बरे.

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर एक सूचना आहे: या कथा पहिले हिव पडल्यानंतर आणि वसंतातला पहिला मेघगर्जनेचा आवाज येण्यापूर्वीच सांगाव्यात. ही सजावट नव्हे. साप, अस्वले, कोळी हे सारे ज्या काळात झोपलेले असतात त्याच काळात त्यांच्याविषयी बोलावे, एरवी बोलल्यास सर्पदंश किंवा वीज ओढवते, असे नवाहो परंपरा मानते. दोऱ्याच्या आकृत्यांचे खेळही याच कारणाने फक्त हिवाळ्यात खेळतात. दुकानातल्या आजींनी पैसे घेताना 'मार्चनंतर हे कपाटात ठेवायचे' असे माझ्या मुलीला बजावले, आणि तिने आजवर माझी कुठलीही सूचना पाळली नसेल एवढ्या निष्ठेने ती पाळली.

संचातली सर्वांत भरीव पुस्तिका पादत्राणांच्या खेळाची आहे. दिवसा फिरणाऱ्या प्राण्यांना सतत उजेड हवा होता आणि रात्री फिरणाऱ्यांना सतत अंधार, म्हणून दोन्ही पक्षांनी डाव मांडला. चामड्याच्या पादत्राणांपैकी एकात युक्का या घायपातीसारख्या झुडपाच्या मुळापासून केलेला गोळा लपवायचा आणि समोरच्याने तो ओळखायचा, असा हा खेळ. गुण मोजायला युक्काचीच 102 पाती. घुबडाने गोळा पादत्राणात न ठेवता स्वतःच्या पंजात दडवला, जमिनीखालून बीळ खणत आलेल्या उंदरासारख्या गोफरने ती लबाडी हेरली, आणि कोणीच जिंकलेले नसताना पूर्वेला फटफटले. अस्वल इतक्या घाईने घराकडे पळाले की त्याने डाव्या पायातले उजव्या पायात घातले. त्याचे पाऊल तेव्हापासून तसे वाकडे, आणि वाटेत सूर्य उगवल्यामुळे त्याच्या केसांना तांबूस झाक आली. हा खेळ नवाहो कुटुंबांत आणि शाळांत आजही हिवाळ्यात खेळला जातो. चित्रकाराने दोन्ही पक्षांमध्ये टांगलेले घोंगडे काढले आहे आणि त्याच्या कडेवरून डोकावणारे प्राण्यांचे फक्त डोळे दाखवले आहेत. त्या एका पानावर माझी मुलगी पाच मिनिटे थांबली होती.

पण मला या पुस्तिकेत खरा ठेवा सापडला तो एका छोट्या शब्दात. ध्वनिमुद्रणात वाक्यामागून वाक्य 'जिनी' या शब्दाने संपते. सुरुवातीला मला ते एखादे नाव वाटले. शब्दकोश पाहिल्यावर कळले की त्याचा अर्थ 'असे सांगतात', म्हणजे आपले 'म्हणे'. कोयोटी (कोल्ह्यासारखा तिकडचा रानप्राणी) दुडक्या चालीने चालला होता, म्हणे. वाटेत त्याला सरडे भेटले, म्हणे. सांगणारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचा दावा करत नाही आणि ऐकलेले नाकारतही नाही. इंग्रजी भाषांतरकाराने हा शब्द पहिल्या पानावर एकदा घेतला आणि पुढे सरसकट गाळला, त्यामुळे खालचा मजकूर शाळेच्या क्रमिक पुस्तकासारखा कोरडा झाला आहे. डिसेंबरमध्ये मी अस्वलाची गोष्ट मराठीत सांगितली तेव्हा प्रत्येक वाक्यात 'म्हणे' ठेवले. पुढच्या रविवारी एका मुलाने 'मी गृहपाठ केला, म्हणे' असे मोठ्या गांभीर्याने जाहीर केले.

दुसरी पुस्तिका काटेरी अंगाच्या चपट्या सरड्याची आहे. सरडा मक्याचे शेत राखतो, कोयोटी रोज येऊन खातो, शेवटी लोभाने सरड्यालाच गिळतो, आणि मग सरडा पोटातून 'हे काय आहे?' असे एकेका अवयवाबद्दल विचारू लागतो. या सरड्याला नवाहो लोक 'शिचेई', म्हणजे आईकडचे आजोबा, म्हणतात. तो वाटेत दिसला की हळूच उचलून छातीशी धरतात आणि नमस्कार करून सोडून देतात. हे पुस्तिकेच्या शेवटी दोन ओळींत सांगितले आहे, खरे तर ते पहिल्या पानावर हवे होते, कारण गिळला गेलेला कोण आहे हे कळल्याशिवाय कोयोटीच्या आगळिकीचे वजन मुलाला कळत नाही.

कोयोटीला, नवाहोत 'मँई'ला, मराठीत कोल्हा म्हणण्याचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. आपला कोल्होबा बहुधा धूर्त असतो, द्राक्षांपुढे हरला तरी बोलण्यात हरत नाही. मँई मात्र एकाच वेळी हावरट, मूर्ख आणि सामर्थ्यवान आहे. झाडावर स्वतःचे डोळे फेकून ते गमावणारा तोच, आणि काळजीपूर्वक मांडले जाणारे तारे उधळून आकाशात विस्कटणाराही तोच. तिसरी पुस्तिका डोळ्यांची आहे. तिच्यात राळेचे पिवळे डोळे बसवलेल्या कोयोटीचे चित्र इतके गोजिरवाणे झाले आहे की मुले हसतात, पण कानकोंडी होत नाहीत. मला ते थोडे चुकल्यासारखे वाटले.

भाषेच्या बाजूने पाहिले तर या गोष्टी शिकणाऱ्या मुलासाठी फार नेमक्या जागी बसतात. नवाहो वाक्यात माणूस वरच्या पायरीवर, मग मोठे प्राणी, मग लहान प्राणी, किडे आणि शेवटी निर्जीव वस्तू, असा क्रम पाळला जातो. 'पक्ष्याने मुलीला टोचले' हे सांगतानाही मुलगीच आधी येते, आणि टोचले कोणी ते क्रियापदात 'यि' आहे की 'बि' यावरून ठरते. आपण जे काम 'ने' आणि 'ला' यांच्याकडून करून घेतो ते तिथे एका उपसर्गाकडे आहे. वस्तू उचलणे किंवा देणे यांसाठीही ती गोल व घट्ट आहे, लांब आहे, दोरीसारखी आहे की चिखलासारखी, यावर वेगवेगळी क्रियापदे लागतात. हे नियम कोष्टकातून शिकवायचे म्हटले तर मूल पळून जाईल. गोष्टीत सतत कोणी कोणाला पकडत, गिळत, काही उचलत असल्यामुळे ते कानावर पडत राहतात.

म्हणूनच मुद्रणातील चुका खुपतात. तिसऱ्या पुस्तिकेत नाकातल्या उच्चारासाठी अक्षराखाली लावायचे शेपटीसारखे चिन्ह अनेक ठिकाणी गळले आहे, आणि उंच स्वर दाखवणारी तिरपी रेघ दोन पानांवर अजिबात नाही. 'औषध' आणि 'तोंड' या शब्दांत केवळ त्या रेघेचा फरक असलेल्या भाषेत ही किरकोळ चूक नव्हे. रॉबर्ट यंग आणि विल्यम मॉर्गन या नवाहो भाषेच्या अभ्यासकांनी रूढ केलेल्या लेखनपद्धतीत 1940 च्या दशकापासून नवाहो छापले जात आहे, आणि 1966 मध्ये नवाहो राष्ट्रातल्या रफ रॉक या गावी सुरू झालेल्या शाळेने स्थानिक समाजाच्या देखरेखीखाली द्विभाषिक शिक्षण देऊन स्वतःची पुस्तकेही काढली. त्यामुळे मुलांच्या पुस्तकात आज अशी ढिलाई नको. ज्या मुलांच्या आजीआजोबांना वसतिगृहाच्या शाळांत नवाहो बोलल्याबद्दल शिक्षा झाली, त्यांच्या हाती शुद्ध मजकूर पडावा एवढी अपेक्षा फार मोठी नाही.

कागद जाड आहे, शिवण पक्की आहे, किंमतही रास्त आहे. घरात नवाहो बोलणारे कोणी नसेल तर हा संच केवळ वाचण्यासाठी घेऊ नये. आवाज ऐकत पानावर बोट फिरवण्यासाठी घ्यावा. माझी मुलगी आता इंग्रजी ओळींवर हात झाकून ऐकते. सांगणाऱ्या बाई थांबतात तिथे गळ्यात अडखळणारा तो बारीक झटका तिने उचलला आहे, मला तो अजून जमत नाही.

चौथी पुस्तिका, कोयोटी आणि स्कंक या दुर्गंधी फवारणाऱ्या लहान प्राण्याची, आम्ही अजून ऐकलेली नाही, कारण तिच्या कोडवर कथाच नाही. मी फेब्रुवारीच्या शेवटी प्रकाशकांना जरा तक्रारीच्या सुरात पत्र लिहिले. उत्तर एप्रिलमध्ये आले: ध्वनिमुद्रण करायचे राहून गेले आहे, चूक आमची आहे, पण आता गडगडाट होऊन गेला, त्यामुळे बाई हिव पडल्यावरच सांगतील.