मूर्ती मांडायच्या की नुसतं बोलायचं?
'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका घेऊन, बोलत बोलत साहसं खेळण्याचा खेळ १९७४ साली आला, तेव्हा नियमपुस्तकाच्या मुखपृष्ठावर कागद-पेन्सिलीबरोबर पात्रं-राक्षसांच्या छोट्या मूर्तींचाही उल्लेख होता. आत मात्र कबुली होती: मूर्ती नसल्या तरी चालेल, असल्या तर देखणं दिसतं.

मूर्ती मांडल्या की कोण कुठे उभा, हा वाद मिटतो. त्या पहिल्या नियमांतली अंतरंही टेबलावर मूर्ती मांडून खेळायच्या युद्धखेळांच्या वळणाने इंचांतच होती. भुयारात १ इंच म्हणजे १० फूट. पण हवा तो राक्षस मिळायचा कुठे? खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स याने प्लास्टिकची स्वस्त खेळणी आणली, त्यांतल्याच एका विचित्र प्राण्यावरून लोखंड गंजवणारा 'रस्ट मॉन्स्टर' जन्मला. (टंचाईचे उपकारच!)

नुसत्या बोलण्याला खर्च शून्य. फक्त "मी तर दाराशीच होतो!" हे भांडण ठरलेलं.

चौघांत बोलणं पुरे. दहाजण अंधाऱ्या बोळात शिरले, तर शर्टाची बटणं का होईना, मांडाच.