टॉवर कूलर की लिक्विड? उन्हाळ्यात हँग होणाऱ्या पीसीसाठी

टाइमलाइनवर मंगलाष्टकं चालू होती, मागे दुसऱ्या लग्नाची फाइल एक्स्पोर्टला लावलेली. ‘शुभमंगल साव...’ इथे आवाज अडकला आणि घर्रर्र करत तिथेच राहिला. माउस हलेना, कॅप्स लॉक दाबला तर कीबोर्डवरचा दिवाही लागेना. पॉवरचं बटण दाबून धरलं, पुन्हा चालू केलं, वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मी नागपुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आमच्याकडे मुहूर्त आणि पारा दोन्ही एकाच वेळी चढतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि मशीनवर बारा-बारा तास पूर्ण लोड, असा हा धंदा.

याच एका मशीनवर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचे माझे तीन प्रकार वापरून झालेत. राइझन ५ ३६०० प्रोसेसर, मधल्या दर्जाचा मदरबोर्ड, साधं कॅबिनेट. त्यावर आधी डब्यातून आलेला स्टॉक कूलर, मग २४० मिलिमीटरचा लिक्विड (पंप पाणी फिरवतो, ते रेडिएटर नावाच्या पंखे लावलेल्या जाळीत थंड होतं), आणि आता टॉवर (प्रोसेसरवर उभा राहणारा धातूच्या पात्यांचा मनोरा, कडेला पंखा). आरपीएम किती, डेसिबल किती, हीट पाइप किती हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यात मी जात नाही.

पण पैसे काढण्याआधी पीसी गरमीनेच हँग होतोय ना, एवढं बघून घ्या. तापलेला प्रोसेसर सहसा आधी आपला वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर सरळ बंद पडतो. चित्र जागच्या जागी गोठतं तेव्हा दोष रॅमचा, एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) किंवा एसएसडीचाही असू शकतो. मी एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावून त्यातलं लॉगिंग चालू ठेवलं. दर दोन सेकंदांनी एक ओळ फाइलमध्ये लिहिली जाते, त्यामुळे मशीन थिजलं तरी शेवटची ओळ उरते आणि रीस्टार्टनंतर वाचता येते. माझ्या शेवटच्या ओळी ९५ अंशांवर टेकलेल्या होत्या, म्हणजे या प्रोसेसरच्या मर्यादेवरच. मग कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावला. त्या संध्याकाळी अख्खी हळद आणि रिसेप्शन एक्स्पोर्ट झालं, एकदाही हँग नाही. तुमचा पीसी सकाळी थंड असताना, नुसतं मेल वाचतानाही अडकत असेल तर कूलर घेऊ नका, रात्रभर मेमटेस्ट८६ लावून रॅम तपासा. आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसला म्हणून एसएमपीएस बदलायला धावू नका. मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच तो सांगतो.

गरमीच आहे हे ठरलं की पहिला पर्याय म्हणजे आहे तोच स्टॉक कूलर साफ करून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट नवी लावणं. पाचशे रुपयांच्या आत काम होतं आणि बऱ्याच जणांचं दुखणं इथेच थांबतं. माझ्यासारख्या एएम४ सॉकेटवाल्यांनी (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) एक काळजी घ्यावी. पिना प्रोसेसरलाच असतात आणि जुनी पेस्ट डिंकासारखी धरून ठेवते. थंड मशीनवरून कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून वर येतो. आधी दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. माझ्याकडे पेस्ट बदलल्यावर ९५ चे ८८ झाले. ऑफिसचं काम असतं तर मी इथेच थांबलो असतो. पण एप्रिलचे ८८ म्हणजे मेमध्ये पुन्हा ९५. खोली जेवढी तापते तेवढाच प्रोसेसर वर सरकतो, आणि खोलीपेक्षा थंड तर तो यातल्या कुठल्याच कूलरने होत नाही.

तेव्हा घरात जाहीर केलं, कूलर बदलायचाय. बाबा म्हणाले, “काहून? आताच तर नवीन खस लावली.” नागपुरात कूलर म्हणजे खिडकीत बसवलेला पत्र्याचा, पाण्याचा कूलर, दुसरा अर्थच नाही. तेव्हा मी हसलो. पण त्याच कूलरचा या गोष्टीत मोठा हात आहे, ते पुढे येईल.

लिक्विड घेतला तो बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, एका दुकानदाराच्या सांगण्यावरून. “भाऊ, नागपूरचा उन्हाळा आहे, पाण्याचाच घ्या.” पटण्यासारखं होतं. किंमत टॉवरच्या दुपटीहून जास्त. पहिला उन्हाळा मात्र झकास गेला, हे कबूल करायलाच हवं. छोट्या कामांत पीसी कसा गारेगार राहायचा. पाणी तापायलाच काही मिनिटं लागतात, तेवढ्यात फोटोंची बॅच, छोटा टीझर वगैरे उरकून जातो. चाळीस मिनिटांच्या एक्स्पोर्टमध्ये मात्र पाणीही तापून बसतं आणि मग शेवटी खोलीतली हवा किती गरम, यावरच सगळं येतं. दिसायला देखणा, रॅमभोवती मोकळी जागा, आतून सगळं सुटसुटीत. पंपाचा बारीक गुणगुणाट रात्री ऐकू यायचा, पण इअरफोन लावला की संपलं.

दुसऱ्या मेमध्ये लॉगमध्ये पुन्हा नव्वदीच्या ओळी दिसायला लागल्या. आणि एका दुपारी साखरपुड्याच्या मधोमध मशीन पुन्हा अडकलं.

मला वाटलं पंप गेला. बायोसमध्ये पंपाचा वेग व्यवस्थित दिसत होता, पंपावर बोट ठेवलं तर थरथरही लागत होती. पेस्ट पुन्हा लावली, फरक शून्य. कॅबिनेटच्या वरच्या जाळीतून टॉर्च मारला, रेडिएटर चकाचक. आतून पंखे पाहिले, तेही स्वच्छ, कारण दर महिन्याला मी ते ब्रशने पुसत होतो. मग नाइलाजाने रेडिएटर खाली उतरवायला घेतला. कॅबिनेटला धरणारे आठ स्क्रू. तो नळ्यांसकट एका हातात लोंबकळत धरायचा, दुसऱ्या हाताने पंख्यांचे आठ लांब स्क्रू. (पंखे खालूनच काढता येतील असं वाटेल, पण माझ्या कॅबिनेटमध्ये बोर्डाची कड आड येते, स्क्रूड्रायव्हर उभा राहत नाही.) पहिला पंखा उचलला आणि खाली राखाडी रंगाची गोधडी. पंखा आणि रेडिएटरच्या पात्या यांच्या मधल्या फटीत, वरूनही न दिसणारी आणि खालूनही न दिसणारी. कडेला नखाने धरून ओढली तर अख्खी सोलून आली, ओलसर, पापडासारखी.

ओलसर का, तर बाबांच्या कूलरमुळे. तो बाहेरची धूळ आणि पाण्याचा दमटपणा दोन्ही खोलीत फेकतो, आणि माझं टेबल नेमकं त्याच्या झोतात. कोरडी धूळ ब्लोअरने उडते. ही पात्यांना चिकटून बसते.

यात कूलर बिघडला होता असं मी म्हणणार नाही. गोधडी काढली आणि तो पुन्हा पहिल्यासारखा चालला. पण सोळा स्क्रू, दीड तास, त्यातला एक स्क्रू एसएमपीएसच्या जाळीवर घरंगळला तो चुंबकाने काढण्यात गेलेला वेगळा वेळ, आणि हे सगळं महिन्या-दीड महिन्याने परत. मी पुढच्या रविवारी करू म्हणत गेलो, आणि सीझनमध्ये रविवारी तर मी मांडवात असतो. जुलैत पुन्हा उघडला तेव्हा दुसरी गोधडी तयार होती. त्या दिवशी ठरवलं, हा काढायचा. तोपर्यंत मी कूलर तापमानावर तोलत होतो. त्यानंतर पंख्यामागची धूळ किती वेळात हाताशी येते यावर तोलायला लागलो.

टॉवर बसवताना पहिल्यांदा मी वैतागलो, हे लपवत नाही. धूड मोठं, बोर्डाची वरची पॉवरची वायर लावायला बोटं पोचेनात, म्हणून काढून आधी वायर आणि मग कूलर असा क्रम लावावा लागला. पंखा पहिल्या रॅमच्या डोक्यावर येतो, उंच हीटसिंकवाली (उष्णता ओढणारं धातूचं आवरण असलेली) रॅम असेल तर तो थोडा वर सरकवावा लागतो. कॅबिनेटमध्ये किती उंचीचा मावतो ते आधी मोजा. माझा डीपकूल एके४०० आहे, १५५ मिलिमीटर उंच, तो बसला. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा १६५ चा, तो माझ्या कॅबिनेटची काच लावू देणार नाही. आणि पीसी गाडीतून न्यायचा असेल तर कॅबिनेट आडवं ठेवून न्या, एवढं वजन उभ्या बोर्डावर लटकलेलं असतं.

पण साफसफाई? तारेच्या दोन क्लिपा. एक इकडे, एक तिकडे, अंगठ्याने बाहेर ढकलल्या की पंखा हातात. पात्या समोर उघड्या. गोधडी इथेही जमते, तेवढीच जमते. तीच खोली आहे, तीच धूळ. रंगकामाच्या जुन्या ब्रशने खरवडायची, ब्लोअर मारायचा, पंखा परत अडकवायचा. कूलर प्रोसेसरवरून हलत नाही, त्यामुळे पेस्टला हातही लागत नाही. चहाला उकळी येईपर्यंत होतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी सोडली तर भिंगरीसारखी फिरते आणि बेअरिंगचं वाटोळं होतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारून घेणारेही आमच्याकडे आहेत. तसं करू नका, त्या टाकीत पाणी साचतं आणि हवेबरोबर तेही बाहेर येतं.

तापमानाचं म्हणाल तर छोट्या कामांत टॉवर लिक्विडपेक्षा चार-पाच अंश गरम चालतो, असं माझा लॉग सांगतो. लांब एक्स्पोर्टमध्ये फरक एक-दोन अंशांवर येतो, तोही धूळ नसताना. आणखी एक गोष्ट मला नंतर उमगली. स्टॉक कूलरचा पंखा खाली बोर्डावर वारा मारायचा, त्यामुळे प्रोसेसरला वीज पुरवणारे व्हीआरएमही थंड राहायचे. लिक्विडमध्ये तिथे फक्त पंपाचा गोळा बसतो, वारा नाही. टॉवर थेट खाली मारत नसला तरी त्याचा झोत त्या बाजूने जातो. महागड्या बोर्डावर या भागाला जाड हीटसिंक असतो, तिथे चिंता नाही. माझ्यासारखा मधला बोर्ड असला तर लिक्विड घेण्याआधी विचार करा.

तरीही लिक्विड घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. कुणाकडे कोअर आय९-१३९००के असेल, जो पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो, तर त्याने माझं ऐकू नये. तिथे चांगला मोठा लिक्विडच शोभतो. एसीच्या बंद खोलीत काम करणाऱ्यालाही माझ्यासारखा त्रास होणार नाही, त्याच्याकडे धूळच कमी आणि तीही कोरडी. ज्याला कॅबिनेट काचेतून मिरवायचंय त्यालाही टॉवर नको. फक्त एक लक्षात असू द्या. टॉवरचा पंखा गेला तर डोळ्याला दिसतो, हजाराच्या आत दुसरा मिळतो आणि त्याच क्लिपांवर बसतो. पंप गेला तर बाहेरून काही कळत नाही, आणि दुसरा कूलर येईपर्यंत काम बंद. सीझनमध्ये गिऱ्हाइकाला हे समजावून बघा.

कॅबिनेटला पुढून आत घेणारा आणि मागून बाहेर फेकणारा असा एक-एक पंखा नसेल तर या दोन्हींतलं काहीही घेण्याआधी तो लावा. आणि फुकटातलं सांगायचं तर मी टेबल बाबांच्या कूलरच्या झोतातून सरकवलं. आता तिथे त्यांची आरामखुर्ची आहे.

रविवारी सकाळी मुहूर्त असला तरी निघायच्या आधी मी क्लिपा काढतो. बाबा त्याच वेळी त्यांच्या कूलरची टाकी धुवायला घेतात. माझं आधी होतं.