इंक टँक प्रिंटर आणि विंडोज ७ चा जुना पीसी: सहा-सात महिने वापरल्यावर

प्रिंटर चांगला आहे. शाई पुरते, काळं ठसठशीत येतं, कागद क्वचितच अडकतो. हे सगळं इतरांनी लिहिलंय, ते पुन्हा उगाळत नाही. मला लिहायचंय ते केबलबद्दल, आणि ज्यांच्या घरी अजून विंडोज ७ चालू आहे त्यांच्यासाठी.

आधी केबल. खोक्यात शाईच्या चार बाटल्या, ढीगभर भाषांतलं माहितीपत्रक, आणि यूएसबी केबल एवढीशी की सीपीयू टेबलाखाली नि प्रिंटर टेबलावर ठेवला तर पोचतच नाही. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंत चालते. मग दीड मीटर तरी द्यायला काय होतं? हजारो रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला केबलीत कसली काटकसर दाखवता? दुकानात 'प्रिंटर केबल' मागितली तर साडेतीनशे सांगितले. नाही घेतली. तत्त्वाचा प्रश्न आहे. सीपीयू उचलून टेबलावर ठेवला, आता कीबोर्डला जागा नाही.

'नवा कॉम्प्युटर घ्या' हा सल्ला कृपया कोणी देऊ नका. माझं वर्षानुवर्षांचं काम पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या मराठी फॉन्टात आहे: लग्नाचे बायोडेटा, मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, क्लासच्या प्रश्नपत्रिका. तो फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखा वाचला जाणारा, नाही. तो नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते. बत्तीस बिटचं विंडोज, दोन जीबी रॅम, पण पेजमेकर तिथे सुखात आहे.

इन्स्टॉलेशनला कंपनीचा माणूस फुकट येतो. आला, स्वतःच्या लॅपटॉपला प्रिंटर जोडला, टेस्ट पेज काढलं आणि सहीला फॉर्म पुढे केला. म्हटलं, माझ्या पीसीला जोडून द्या.

"मॅडम, सिस्टीम जुनी आहे. सपोर्ट नाही."

"खोक्यावर विंडोज ७ छापलंय की."

"ते वरून छापून येतं."

मी सही केली नाही. टोल फ्रीवर फोन केला तर तिथली मुलगी म्हणे, इंजिनिअर येऊन गेल्याची नोंद आहे, तक्रार बंद झाली. पुन्हा नोंदवायची तर व्हिजिट चार्ज. फोन ठेवला आणि स्वतःच बसले.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला हे खरं. म्हणून प्रिंटर चालत नाही असं नाही. ड्रायव्हर, म्हणजे पीसीला प्रिंटरशी बोलायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर, मिळाला की झालं. पण कंपनीची साइट मोबाईलवर किंवा नव्या लॅपटॉपवर उघडली की ती त्या मशीनला साजेसं पॅकेज पुढे करते. ते भलंमोठं पॅकेज माझ्या पीसीवर नकारघंटा वाजवून बंद पडलं. त्याच पानावर सिस्टीम निवडायची यादी आहे. तिच्यात खाली जाऊन 'विंडोज ७, ३२ बिट' निवडलं की नुसता ड्रायव्हर मिळतो, आकारानेही लहान. पीसीवरच उतरवायचा असेल तर क्रोम ब्राउझर १०९ व्या आवृत्तीनंतर विंडोज ७ वर येत नाही. फायरफॉक्स ब्राउझरची ११५ ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी) आवृत्ती टाका, तिच्यात पान नीट उघडतं. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाच्या फुकट्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका.

ड्रायव्हर टाकताना लाल पट्टीची खिडकी आली: पब्लिशरची पडताळणी होत नाही. नव्या ड्रायव्हरांची डिजिटल सही एसएचए-२ पद्धतीची असते आणि अपडेट न केलेल्या विंडोज ७ ला ती ओळखता येत नाही. आधी केबी४४९०६२८ आणि मग केबी४४७४४१९ हे विंडोजचे दोन अपडेट टाकले, खिडकी गेली. तरी प्रिंट निघेना, काम रांगेतच बसलेलं. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स (प्रिंट कुठल्या वाटेने जाणार ते) उघडलं तर खूण एलपीटी१ वर, म्हणजे जुन्या डॉट मॅट्रिक्सच्या जागी. यूएसबी००१ वर खूण केली आणि पहिलं पान सरसर बाहेर आलं.

इथवर दिवाळीआधी लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे द्यायचं ठरलं होतं. आता मत बदललंय, निदान प्रिंटरपुरतं.

झालं असं की सुनेला मोबाईलवरून प्रिंट हवे होते, म्हणून प्रिंटर हॉलमध्ये नेऊन वायफायवर टाकला. तिच्या फोनवर काहीही न टाकता लगेच दिसला. याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं, राउटरचं ५ वालं नाव यादीत शोधत बसू नका. माझा पीसी राउटरला लॅन केबलने जोडलेला आहे, तेव्हा त्यालाही प्रिंटर सापडला. पण दुसऱ्या दिवशी 'ऑफलाइन'. प्रिंटर चालू, फोनवरून छापतोय आणि पीसी म्हणतो ऑफलाइन!

उपाय दोन. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा नंबर) राखून ठेवायचा, म्हणजे तो बदलत नाही. मग विंडोजने आपणहून केलेलं डब्ल्यूएसडी पोर्ट सोडून त्या पत्त्याचं स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवायचं. तरीही ऑफलाइन दाखवलं तर 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढायची. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारतं आणि उत्तर आलं नाही की त्याला बंद समजतं. खूण काढल्यापासून एकदाही ऑफलाइन नाही. पावसाळी वीज जाऊन आली तरी नाही.

म्हणजे केबल लागतच नाही, असं तुम्ही म्हणाल. लागत नाही. पण म्हणून आखूड द्यायची का? सीपीयू खाली गेला, माझं टेबल मोकळं झालं, तरी यासाठीचा एक तारा कापतेय. चार.

पेजमेकरवाल्यांसाठी एक: प्रिंटर बदलला की डॉक्युमेंट सेटअपमधलं 'कम्पोज टू प्रिंटर' आठवणीने बघा. नव्या प्रिंटरप्रमाणे पान पुन्हा जुळवलं की ओळी सरकतात. माझ्या नववीच्या भूमितीच्या पेपरातला शेवटचा प्रश्न आपला उठून पुढच्या पानावर गेला होता. छापण्याआधी सगळी पानं एकदा डोळ्यांखालून घाला.

स्कॅनरचं मात्र विंडोज ७ वर वायफायवरून जमत नाही. केबल लावली तर विंडोज फॅक्स अँड स्कॅनमध्ये येतो, पण त्यासाठी प्रिंटर हॉलमधून कोण उचलून आणणार? सून फोनवर स्कॅन करून देते, मी पेनड्राइव्हने घेते. ज्यांना रोज आधार कार्ड आणि सातबारे स्कॅन करायचे असतील त्यांनी हा प्रिंटर जुन्या पीसीसाठी घेऊ नये.