५५५ घेऊ, आर्डुइनो घेऊ की ईएसपी३२? आधी सांग बनवायचंय काय

भाचा तबला शिकतो आणि रियाजासाठी मात्रा मोजणारा डबा घरीच बनवायचं त्याच्या डोक्यात बसलंय. सुट्टीत इंदूरला आला तेव्हा म्हणे, "मामा, सरळ ईएसपी३२च घेऊन टाकू का, सगळे तेच घेतात." म्हटलं थांब जरा. आर्डुइनो आणि ईएसपी३२ हे लॅपटॉपवरून प्रोग्राम टाकून चालवायचे छोटे बोर्ड, ५५५ म्हणजे नुसती एक चिप. माझ्या हातचे दोन डबे घरात चालू आहेत, त्यावरूनच सांगतो.

एक गच्चीवरच्या टाकीचा, तो ५५५चा. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मोटर लावून माणूस गप्पांत रमला की टाकी वाहिलीच म्हणून समजा. ५५५ म्हणजे १९७२ पासून मिळणारी आठ पायांची टायमर आयसी (चिप), दहा-पंधरा रुपयांत येते, ना लॅपटॉप लागतो ना प्रोग्राम. टाकीत तारा सोडायच्या, पाणी वरच्या तारेला लागलं की चौथा पाय, म्हणजे रीसेट, हाय होतो आणि स्पीकर बोंबलायला लागतो, बस. फक्त अर्धी टाकी दाखवायला मी जी जास्तीची तार सोडली होती तिच्यातून दिवसभर डीसी वाहायचा, तांबं हिरवं पडून झिजलं, मग स्टीलचे स्क्रू लावले. इथे आर्डुइनो सरस हे मान्य, कारण तो दर दहा सेकंदांनी क्षणभरच करंट सोडून बघू शकतो. तरी मी बदलला नाही, उन्हात आयसी गेली तर बेसमधून (आयसी खोचायच्या सॉकेटमधून) काढून दुसरी बसवतो, पाच मिनिटांचं काम.

दुसरा डबा मात्रांचा, आणि त्यात मी चांगलाच अडकलो होतो. ५५५ नुसती टिकटिक देतो, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे हे त्याला काय माहीत! म्हणून पुढे ४०१७, म्हणजे टिकटिक मोजणारी चिप, लावला. त्याला दहा आउटपुट, म्हणजे दहा मात्रांचा झपताल अगदी मापाचा, रूपकसाठी आठवं आउटपुट रीसेटला जोडलं की सातच मात्रा. पण तीनतालाच्या १६ मात्रांना दोन चिपा, आणि वायरिंगचा नुसता शेवयांचा गुंता. शेवटी उनो, म्हणजे आर्डुइनोचाच नेहमीचा बोर्ड, आणला. १६ मेगाहर्ट्झ, ३२ केबी मेमरी, आणि या कामाला तेवढं रग्गड. ताल बदलायचा तर आकडे बदला, समेला वेगळा आवाज, नवव्या मात्रेला म्हणजे खालीला बारीक.

ईएसपी३२ वाईट नाहीये, २४० मेगाहर्ट्झ, दोन कोर, वायफाय-ब्लूटूथ आतच, आणि बरेचदा ओरिजिनल उनोपेक्षा स्वस्त. पण नवशिक्याला छळतो: चालतो ३.३ व्होल्टवर, ५ व्होल्टचा सेन्सर थेट लावला तर पिन जाऊ शकते. ३४ ते ३९ नंबरच्या पिना फक्त इनपुट, हे न वाचता मी तिथे एलईडी लावून अर्धा दिवस मल्टिमीटर फिरवत बसलो होतो. केबल हलकी असली तर वायफाय सुरू होताच रीस्टार्ट. टाकी भरल्याचा मेसेज पुण्यात फोनवर हवा असेल, किंवा लाइट जाऊन आल्यावर घड्याळ आपोआप बरोबर लागायला हवं असेल, तर मात्र हाच घ्या, उनोला घड्याळासाठी वेगळं आरटीसी (वेळ राखणारं) मॉड्यूल लागतं.

भाच्याला उनोच घ्यायला लावला. रियाजात वायफाय कशाला? फक्त क्लोन घेतलात तर बरेचदा लॅपटॉपवर सीएच३४०चा (त्यातल्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर टाकावा लागतो, नाहीतर पोर्टच दिसत नाही आणि माणूस उगाच बोर्डाला शिव्या घालत बसतो.